अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मलच

माझ्या सासरी थर्मामीटरला 'राजेश्वरीचं खूळ' म्हणतात. शिवप्रिया दीड वर्षाची आहे आणि तिच्या कपाळाला मी दिवसातून कितीदा हात लावते यावर घरात विनोद होतात. हाताला शंका आली की मी थर्मामीटर काढते. मी थर्मामीटर काढलं की सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, भिंतीकडं बघत बोलतात, की आमची पोरं असल्या कांड्या न लावताच वाढली. आणि रुद्रेश, माझा नवरा, मोबाईलमधून मान वर न काढता सांगतो, "दात येत असतील." त्याच्या हिशेबानं बघितलं तर त्या पोरीला आत्तापर्यंत मगरीएवढे दात यायला पाहिजे होते.

त्याच घरात या एप्रिलमध्ये सकाळी उठल्यापासून रात्रीची जेवणं होईपर्यंत सगळेजण तापमानाचा एक आकडा बघत बसले होते. तो आकडा पोरीचा नव्हता.

आम्ही मुरूमचे. इथून कर्नाटक चालत जाण्याएवढं जवळ आहे, म्हणून घरात अर्धं बोलणं कानडीत होतं आणि माझ्याबद्दलचं तर सगळंच. मी बी.एस्सी. आहे. लग्नाआधी लातूरला एका क्लासच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचे. यंदा पुण्याच्या एका संस्थेनं, जी शाळेचे धडे व्हिडिओवर करते, मला चाचणीला बोलावलं. बोलावलं म्हणजे घरातूनच, शनिवारी. ते कच्चं चित्रीकरण पाठवणार, मी माझा स्क्रीन त्यांना दाखवत ते कापायचं, जोडायचं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शेवटची फाईल तयार करून द्यायची. जमलं तर घरबसल्या काम आणि शिवप्रिया नजरेसमोर. नाही जमलं तर जूनपासून सासऱ्यांच्या दुकानात गल्ल्यावर. हे दुसरं आधीच ठरलेलं होतं, मला फक्त कळवलं होतं.

सासरे अण्णाराव, घरात अप्पा, यांचं पेठेत पत्रे, पाईप, खिळे-मोळ्यांचं दुकान आहे. पोरीला दुकानात न्यावं तर पायापाशी खिळे. घरी ठेवावी तर अव्वा. अव्वांची माया खरी आहे, पण ती चहाच्या बशीतून वाहते. माझी पाठ वळली की दीड वर्षाच्या पोरीच्या ओठाला बशी लागते. म्हणून ती चाचणी मला पाहिजे होती. दुसरं काही कारण नव्हतं आणि दुसऱ्या कारणाची गरजही नव्हती.

आता अप्पांच्या दुकानाचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण तो घरालाही लागू आहे. माल उघडा पडला की जुना झाला. आमच्या लग्नातल्या फ्रिजच्या दारावर अजून कंपनीचं निळं प्लास्टिक आहे, बुडबुडे आलेलं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, त्याला बोटांनी नाही, नखांनी दाबावं लागतं. सोफ्यावर कारखान्यातून आलेलं जाड प्लास्टिक तसंच. उन्हाळ्यात त्यावरून माणूस उठला की पायाची सालटी निघाल्यासारखा आवाज होतो. मी नवी होते तेव्हा एकदा मिक्सरच्या भांड्यावरची कागदी चिठ्ठी घासून काढली होती, तर ती बातमी अक्कलकोटच्या पाहुण्यांपर्यंत गेली.

चाचणीसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी तयार घ्या म्हणत होते. रुद्रेश म्हणाला, तयार माल न कळणारी माणसं घेतात. त्याला कळणारा माणूस म्हणजे वैजनाथ, त्याचा मित्र, बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे. वैजनाथनं कॉम्प्युटर जोडायचे व्हिडिओ बघितले होते. लई बघितले होते. दोघं सोलापूरला जाऊन सगळे सुटे भाग घेऊन आले आणि रविवारी मधल्या खोलीत सतरंजी अंथरून बसले.

अप्पांनी कॅबिनेटवर तीन बोटांनी भस्म ओढलं, उदबत्ती लावली, नारळ फोडला. नारळाचं पाणी आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये मी उभी राहिले, एवढंच माझं त्या जोडणीतलं योगदान. बाकी वेळ मी पोरीला कडेवर घेऊन दारात थांबले, कारण चुरमुऱ्यापेक्षा लहान कुठलीही वस्तू खायची असते असं शिवप्रियाचं मत आहे आणि सतरंजीवर स्क्रू पसरले होते. रुद्रेश एकेक भाग असा उचलत होता, की मला दवाखान्यातला तो दिवस आठवला. तेव्हा पोरीला पहिल्यांदा हातात घ्यायला तो घाबरला होता, "नको, पडंल," म्हणाला होता. इथं मात्र हात अजिबात कापत नव्हता. प्रोसेसर बसवून त्यावर मोठा पंखा चढवायची वेळ आली, तेवढ्यात वैजनाथ म्हणाला, "वहिनी, चहा होईल का?" मी आत गेले. आले तेव्हा पंखा बसला होता.

बटण दाबल्यावर आतून लाल, हिरवे, निळे दिवे लागले. गल्लीतली पोरं खिडकीला लटकली. उरुसातल्या पाळण्यासारखं दिसत होतं. वैजनाथनं एक प्रोग्राम टाकला, त्यात प्रोसेसरचा वेग आणि तापमान जिवंत दिसतं. वेग चार गिगाहर्ट्झच्या वर, तापमान पन्नाशीच्या आसपास. रुद्रेशनं त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. मग मला खुर्ची दिली, जशी नवरीला पाटावर बसवतात तशी.

मी सरावासाठी एक छोटा व्हिडिओ उघडला आणि फाईल बनवायला लावली. तापमान सत्तर झालं, पंच्याऐंशी झालं, अठ्ठ्याण्णव झालं. तसा वेग घसरला. चारचा दीड झाला, मग एकच्या खाली आला. माऊसचा बाण जागच्या जागी गोठला. पंखा आत विमान उडाल्यासारखा ओरडत होता. मग सगळे दिवे गेले.

अप्पा पुढं वाकले, चष्मा सरकवला आणि विचारलं, शेवटचा आकडा कितीचा होता. रुद्रेशनं सांगितला.

"मग काय झालं," अप्पा म्हणाले. "अठ्ठ्याण्णव म्हणजे नॉर्मलच."

मी समजावून सांगितलं की थर्मामीटरचं माप वेगळं आणि हे वेगळं. या मापात शंभराला पाणी उकळतं. अव्वांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, तर चहा ठेवता येईल का. रुद्रेशनं तो अठ्ठ्याण्णवचा फोटोही स्टेटसला टाकला होता, तो बघून नळदुर्गहून त्याच्या कल्याणप्पा मामांनी हे अठ्ठ्याण्णव कुणाचं ते विचारलं. रुद्रेशनं नुसतं 'नवीन कॉम्प्युटरचं' असं लिहिलं. मामांनी लगेच पेढ्याचं चित्र पाठवलं आणि विचारलं, पहिला नंबर कुणाचा आला.

रुद्रेशनं सोमवारी निष्कर्ष काढला. त्यानं कॉम्प्युटर चालू केला, काहीही न करता त्याच्यासमोर तासभर बसला आणि मला हाक मारली. आकडा पन्नाशीतच होता.

"बघ," तो म्हणाला. "तू हात लावत नाहीस तोवर गार असतो."

या घरात माझ्याबद्दलचंही असंच काहीसं मत आहे, पण ते मला इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी ऐकवलं नव्हतं.

मग उपचार सुरू झाले. आधी टेबलफॅन आणला. मग कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून अंगणातला पाण्याचा कूलर त्याच्या तोंडाशी लावला. त्याचे तुषार आत जाताना बघून मी वायर ओढली, तर मला भित्री म्हणाले. अव्वांनी एका दुपारी मिठाच्या पाण्यात पंचा भिजवून, पिळून, घडी घालून कॅबिनेटच्या माथ्यावर ठेवला. तोही मीच काढला. अप्पांना वाटलं खोलीलाच दोष असेल. घरात सगळ्यांत गार फरशी देवघराची, म्हणून बुधवारी कॉम्प्युटर देवघरात गेला. मी समईशेजारी मांडी घालून सरावासाठी पाचवीचा पाण्याचा धडा कापत बसले. सत्त्याण्णव. देवांनीही हात टेकले.

वैजनाथ रोज संध्याकाळी येऊन आकडा बघायचा आणि डॉक्टरसारखा ओठ मुडपायचा. त्याचं म्हणणं, वहिनींचं काम लई हेवी हाय, जरा हलकं काम बघा, टायपिंगसारखं. रुद्रेश म्हणाला, पुण्याला तारीख पुढं ढकलायला सांगू. मी म्हणाले, ते दुसऱ्या कुणाला तरी घेतील. त्यावर अप्पा बोलले, आणि अगदी मायेनं बोलले.

"कशाला जिवाला घोर लावून घेतेस, राजेश्वरी. गल्ल्यावर बसायला कसली चाचणी लागत न्हाय."

मला त्या मायेचीच भीती वाटली. राग असता तर भांडता आलं असतं.

पण त्या आठवड्यात मी एक बघत होते. ज्या घरात थर्मामीटर बघून हसतात, तिथं सगळे आता त्या आकड्यावर जगत होते. रुद्रेश दात घासायच्या आधी स्क्रीन बघायचा. अप्पा दुकानातून फोन करून विचारायचे, किती आहे. अव्वा ताट वाढताना विचारायच्या, "उतरला का?" कुणीही म्हणालं नाही की कॉम्प्युटरला दात येत असतील.

शुक्रवारी दुपारी शिवप्रियाचं अंग कढत लागलं. थर्मामीटर लावलं, शंभराच्या वर. मी रुद्रेशला सांगितलं. तो देवघरात स्क्रीनसमोर होता. नेहमीचं उत्तर मिळालं. तिला औषध देऊन मी सोफ्यावर बसले, ती माझ्या अंगावर झोपली. तेवढ्यात लाईट गेली आणि पंखा थांबला. आम्ही मायलेकी त्या प्लास्टिकवर घामानं निथळायला लागलो. तिला पाळण्यात टाकायला मी उठले तसा तो आवाज झाला, पायाची सालटी निघाल्यासारखा. सोफ्याच्या कोपऱ्याला प्लास्टिक थोडं फाटलंय. माझा हात तिथं टेकला. प्लास्टिक तापलेलं, ओलं, आणि फटीतून लागलेलं आतलं कापड कोरडं, गार.

मी तशीच उभी राहिले. या घरात कुठल्या वस्तूचं प्लास्टिक काढलंय, हे आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवेना.

रविवारी खोके सगळे माळ्यावर गेले होते. पोरीला पाळण्यात टाकून मी स्टूल घेऊन चढले आणि पंख्याचा खोका शोधला. त्यात माहितीपत्रक होतं, स्वतःच्या पिशवीत बंद, न उघडलेलं. तेही नवंच राहिलं होतं. मी ते फोडलं आणि पहिल्याच पानावरची चित्रं बघून खाली उतरले.

संध्याकाळी अप्पा चहाला घरी आले, लाईटही आली होती. मी सगळ्यांसमोरच रुद्रेशला विचारलं.

"अहो, पंखा प्रोसेसरला जिथं टेकतो, त्या बुडाला काय आहे?"

"तांबं हाय. आरशासारखं. तोंड दिसंल तुझं."

"आणि त्या तांब्यावर?"

रुद्रेशचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत त्याच्या कामाबद्दल कुणी नीट विचारलंच नव्हतं. "प्लास्टिक हाय वरचं. तसंच ठिवलंय. एक ओरखडा जाऊ दिला न्हाय."

मी माहितीपत्रक पुढं केलं. बसवायच्या आधी ते काढा, असं चित्रासकट छापलं होतं. रुद्रेश म्हणाला, त्या प्लास्टिकवरही लाल अक्षरात तेच लिहिलं होतं, त्यांनी वाचलं होतं. वैजनाथचं तेव्हा मत पडलं होतं की ते सील असणार. ज्यानं काढलं त्याची वॉरंटी गेली. मी म्हणाले, अहो, 'काढा' असं लिहिलंय.

"लिहिणारे लिहितात," रुद्रेश म्हणाला. "फ्रिजवरपण लिहिलं हुतं."

मी सांगितलं, प्रोसेसरची उष्णता तांब्यात गेली तर पंखा ती उडवणार. मध्ये प्लास्टिक आहे, ती जाणार कुठं. ते काढलं पाहिजे, आणि आत्ताच, सकाळी माझी चाचणी आहे. अप्पा म्हणाले, चाचणी होऊ दे, न होऊ दे, नव्या मालाची मोडतोड नको, वैजनाथ सोलापूरला गेलाय, तो सोमवारी आला की बघू. ते उठायला लागले. म्हणजे विषय संपला.

"अप्पा," मी म्हणाले, "शिवप्रियाला आत्ता ताप आहे. तिला दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवू का सोमवारपर्यंत? नवीकोरी राहील."

आवाज चढला नव्हता माझा. तरी अप्पा उठता उठता परत बसले, सोफ्याचा आवाज झाला, आणि तो आवाज त्यांनाही बहुतेक पहिल्यांदाच ऐकू आला. रुद्रेशनं पाळण्याकडं बघितलं. ताप आहे हे त्याला दुपारीच सांगितलं होतं, पण ते आत्ता पोचलं असावं.

सोडवणूक झाली ती अव्वांकडून, आणि माझ्यावरच्या मायेपोटी नाही. देवघर आठवडाभर वायरींनी अडलं होतं, त्या वैतागल्या होत्या.

"काढू दे तिला," अव्वा म्हणाल्या. "चांगलं ऱ्हाऊनबी बंदच पडतंय नव्हं ते."

आता पंखा काढायचा तर प्रोसेसर आणि तांबं यांच्यातली फट भरायला लावतात ती राखाडी पेस्ट पुन्हा लागणार होती. तिची उरलेली नळी कुठं दिसेना. रुद्रेशनं खोके पालथे घातले. शेवटी अव्वांनी जरा वेळ घेऊन सांगितलं, की मलमाची नळी होय, ती औषधाच्या डब्यात आहे. गुडघ्याला दोनदा लावून बघितलं, गुण काही आला नाही. मी आधी शिवप्रियाचे, अव्वांच्या गुडघ्याशी खेळणारे, दोन्ही हात झोपेतच साबणानं पुसून काढले. मग अव्वांना गुडघा धुवायला पाठवलं. मग नळी घेतली.

रुद्रेशनं टॉर्च धरला. पत्रकातल्या चित्राप्रमाणं मी स्क्रू सोडले, प्रत्येक स्क्रू वाटीत टाकून वाटी फळीवर ठेवली. पंखा वर आला. बुडाला पारदर्शक प्लास्टिक, त्यावर लाल अक्षरं, त्यावर उष्णतेनं घट्ट झालेली पेस्ट. मी कोपऱ्याला नख लावून ओढलं. सोफ्यासारखाच आवाज झाला, जरा बारीक. खाली तांबं लखलखीत होतं. खरंच तोंड दिसत होतं. सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली, पंखा पुन्हा बसवला आणि बटण दाबलं.

सुरुवातीलाच चाळिशीच्या खाली. मी पाण्याच्या धड्याची पूर्ण फाईल बनवायला लावली. साठ, अडुसष्ट, बहात्तर. मग आकडा तिथंच बसला. वेग चारच्या वरून हलला नाही. रुद्रेश म्हणाला, संध्याकाळ झाली ना, हवा गार झालीय. अप्पांनी ते प्लास्टिक उचललं, पेस्ट पुसली, सरळ केलं आणि खोक्यात ठेवलं, वॉरंटीला लागेल म्हणून.

स्टेटसवर रुद्रेशनं नवा फोटो टाकला. खाली लिहिलं, फायनल सेटिंग पूर्ण. कल्याणप्पा मामांचं उत्तर आलं की अठ्ठ्याण्णववरून एकदम बहात्तर, पोराकडं लक्ष द्या.

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर मधल्या खोलीत आणला. मी सगळ्यांना सांगितलं होतं की चाचणीच्या वेळी कुणी बोलायचं नाही. ते बोलले नाहीत. तिघंही मागं सोफ्यावर ओळीनं बसले, शिवप्रिया अव्वांच्या मांडीवर, आणि रुद्रेश फक्त आकडा सांगत होता. अव्वांना कमी ऐकू येतं, म्हणून अप्पा तोच आकडा मोठ्यानं पुन्हा सांगत होते. अडुसष्ट. अडुसष्ट. एकाहत्तर. एकाहत्तर. पुण्याच्या प्रतीक्षा मॅडम पलीकडून बघत होत्या, आणि माझा माईक चालूच ठेवायचा होता. मी मागं वळून डोळे वटारले, तर रुद्रेशला वाटलं आकडा चुकला. त्यानं तो दुरुस्त करून पुन्हा सांगितला.

फाईल तयार झाली, गेली, त्यांनी उघडून बघितली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, काम छान आहे, सोमवारपासून सुरू करू.

"फक्त एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मागं कसला लिलाव चालला होता?"

"घरचेच आहेत," मी म्हणाले. "ताप बघतायत."

"अरेरे. कुणाला ताप आहे?"

मी हात मागं नेऊन शिवप्रियाच्या कपाळाला लावला. ओलसर होतं, गार. "आता उतरलाय," मी सांगितलं.

गल्ल्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. नाही म्हणायला, दोन दिवसांनी अप्पा दुकानातून येताना कॅबिनेटसाठी खास शिवून घेतलेलं जाड पारदर्शक कव्हर घेऊन आले. चेन लावलेलं, खाली लाल काठ. धूळ बसू नये म्हणून, ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेले.

मी ते परत दिलं नाही. धुऊन, उसवून, मधल्या खोलीत जमिनीवर अंथरलं. आता शिवप्रिया त्याच्यावर बसून दोन्ही हातांनी वरणभात सांडते, आणि एक शीत फरशीला लागत नाही. अप्पा येता-जाता ते बघतात. जेवण झालं की मी ते पुसून घडी घालते. मालाला ओरखडा पडलेला नाही.